गुडघा बदलल्यावरचं दुखणं: गोळी कधी घ्यायची, कशी घ्यायची आणि कशी सोडायची

माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदलले. आधी डावा, मग चौदा महिन्यांनी उजवा. सर्जन तेच, हॉस्पिटलही तेच. तरी डावा गुडघा आजही ९५ अंशांपुढे वाकत नाही आणि उजवा ११८ पर्यंत जातो. डाव्याच्या वेळी आईने दुखणं अंगावर काढलं, आणि आम्ही तिला ते काढू दिलं. "दोन बाळंतपणं निभावली, हे काय मोठं," असं म्हणत ती दुपारची गोळी उशीखाली सारायची. फिजिओने पाय धरला की पलंगाच्या कडेची पट्टी मुठीत घट्ट पकडायची. आठव्या दिवशी तिने व्यायामालाच नकार दिला. दीड महिन्याने डॉक्टर भूल देऊन गुडघा वाकवण्याची भाषा करायला लागले, तेव्हा कुठे आमची झोप उडाली.

मी डॉक्टर नाही. दोन ऑपरेशनं जवळून पाहिली, वह्या भरल्या, भूलतज्ज्ञांना आणि फिजिओला प्रश्न विचारून भंडावलं, त्यातून हे लिहिते आहे. डोस तुमच्या चिठ्ठीवर असेल तोच. पण ती चिठ्ठी घरी आल्यावर पाळायची कशी, हे कुणी सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे या वेदनाशामक गोळ्यांबाबत आपण दोन टोकं गाठतो. 'सवय लागेल' म्हणून पहिल्या आठवड्यात घ्यायच्या नाहीत, आणि मग गुडघा आखडला, दुखणं रेंगाळलं की त्याच गोळ्या चौथ्या महिन्यापर्यंत चघळायच्या. खरं तर उलटं करायला हवं: सुरुवातीला वेळच्या वेळी पुरेशा घ्यायच्या आणि ठरवून लवकर उतरवायच्या.

ऑपरेशनच्या आधी: औषधांची पिशवी रिकामी करा

भूल देणारे डॉक्टर तपासायला येतात, तेव्हा पेशंट म्हणतो, "बीपीची एक आणि शुगरची एक." तेवढ्यावर थांबू नका. घरातली औषधांची पिशवी उचलून न्या आणि टेबलावर रिकामी करा. आईच्या पिशवीत एक गोळी निघाली, 'झोप लागायला' म्हणून ती सहा वर्षं घेत होती. ती अल्प्राझोलम होती. अफूच्या कुळातलं वेदनाशामक (म्हणजे ओपिऑइड, आपल्याकडे गुडघ्याच्या बाबतीत बहुतेक वेळा ट्रामाडॉल, कधी टॅपेंटाडॉल, कधी त्वचेला चिकटवायचा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच) आणि झोपेची गोळी एकत्र पोटात गेली की श्वास मंदावू शकतो. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगाबालिन, गॅबापेन्टिनचंही तसंच. दारूचंही, आणि हे पुरुष पेशंटांनी बायकोसमोर नाही, डॉक्टरांसमोर एकट्यात तरी खरं सांगावं. आसव-अरिष्टांतही अल्कोहोल असतं, तीही पिशवीत टाका.

नैराश्याची किंवा 'टेन्शनची' गोळी, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन असं काही चालू असेल, तर ट्रामाडॉल ठरवण्याआधी डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे. दोन्ही मिळून घाम, थरथर, कमालीची अस्वस्थता होऊ शकते. पूर्वी कधी फिट आली असेल, तर तेही. रात्री मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं ही चेष्टेची गोष्ट नाही, ती केसपेपरवर लिहून घ्या. मूत्रपिंड कमजोर असेल तर तेही सांगा, कारण सुजेवरच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, थेट तिथे त्रास देतात.

पहिल्या दिवसाला भुलू नका

ऑपरेशन बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन होतं. शिवाय मांडीतल्या नसेजवळ ब्लॉक, म्हणजे ती नस काही काळ बधिर करणारं इंजेक्शन, देतात, सांध्याभोवतीही औषध टोचतात. कमरेची भूल काही तासांत उतरते. ब्लॉकचा आणि सांध्याभोवतीच्या औषधाचा असर साधारण १२ ते २४ तास राहतो. म्हणून त्या दिवशी संध्याकाळी पेशंट वॉकर धरून चार पावलं टाकतो, नातेवाईक व्हिडिओ काढतात, आणि सगळे म्हणतात, "काहीच दुखत नाही की!"

मग पहाटे तीनला ठणका सुरू होतो. काही बिघडलं असं नसतं, फक्त ब्लॉक उतरलेला असतो. पहिल्या वेळी आम्हाला हे ठाऊक नव्हतं. आईने सकाळपर्यंत वाट पाहिली, "सिस्टर बिचारी झोपली असेल," म्हणून. दुसऱ्या वेळी मी दुपारीच विचारून ठेवलं: ब्लॉक कधी उतरेल, आणि त्याआधी पोटातली गोळी सुरू होणार का? दुखणं एकदा शिगेला पोचलं की ते खाली आणायला जास्त औषध लागतं, वेळही जास्त लागतो.

सिस्टर विचारतात, "शून्य ते दहा, किती दुखतंय?" आईला ते आकडे कधीच जमले नाहीत. दर वेळी "पाच." शेवटी मी विचारलं, "रुपयातले किती आणे?" लगेच उत्तर आलं, "बारा आणे. आणि पाय हलवला तर पंधरा." तेव्हापासून आमची वही आण्यांत चालली. तुमच्या घरचं माणूस कोणत्या मापात बोलतं ते शोधा, पण दोन प्रश्न वेगळे विचारा: पडल्यापडल्या किती, आणि हलवताना किती. पडल्यापडल्या चार आणे असणारा माणूस "बरं आहे" म्हणतो, आणि पाय वाकवायची वेळ आली की पंधरा आण्यांवर जातो. गोळी पुरते की नाही, हे दुसऱ्या उत्तरावरून ठरतं. दुखणं शून्य करणं हे उद्दिष्ट ठेवूच नका. व्यायाम करताना आठ आण्यांच्या आत राहिलं, की आमची फिजिओ खूश असायची.

मेडिकलच्या काउंटरवर

ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली, आहे. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर गोळी मिळणार नाही. मेडिकलवाला नाव-गाव रजिस्टरमध्ये लिहून घेतो, त्याचा राग धरू नका, त्याला ते लिहावंच लागतं. आम्ही शनिवारी साताऱ्याला परतलो, रविवारी संध्याकाळी पट्टी संपली, आणि जवळच्या दोन दुकानांत ती गोळी नव्हती. डिस्चार्जच्याच दिवशी हॉस्पिटलच्या मेडिकलमधून पुढच्या तपासणीपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मोजून घ्या, आणि मूळ चिठ्ठी फाइलमध्ये नीट ठेवा. आखातात मुलाकडे जाऊन विश्रांती घ्यायचा बेत असेल, तर हे औषध सामानात टाकण्याआधी त्या देशाचे नियम पाहा. संयुक्त अरब अमिरातींत ट्रामाडॉल आधी परवानगी न काढता नेता येत नाही.

त्याच काउंटरवर आणखी एक काम करा. प्रत्येक पट्टीच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. अल्ट्रासेटच्या एका गोळीत ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम असतं आणि पॅरासिटामॉल ३२५. डोलो ६५० मध्ये पॅरासिटामॉल ६५०. आमच्या डिस्चार्ज कार्डावर पहिली तीनदा होती, दुसरी दोनदा: ९७५ अधिक १३००, म्हणजे दिवसाला २२७५. इथवर ठीक. पण पहिल्या वेळी मामी भेटायला आली, आणि तिने मायेने स्वतःच्या पर्समधली 'दुखण्याची चांगली गोळी' सकाळ-संध्याकाळ दिली. तिच्यात असेक्लोफेनॅक आणि पुन्हा ३२५ पॅरासिटामॉल. बेरीज २९२५ झाली, आणि कार्डावर एटोरिकॉक्सिब आधीच असल्याने सुजेची औषधं दोन झाली. धडधाकट माणसाला पॅरासिटामॉल सगळं मिळून दिवसाला ४,००० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ द्यायचं नसतं. वय झालेल्या, अंगाने बारीक किंवा यकृताचा त्रास असलेल्या माणसाची मर्यादा याहून खाली असते, ती डॉक्टरांना विचारा. तिसऱ्या दिवशी आईच्या पायांवर सूज आली, लघवी कमी झाली, तेव्हा मामीची गोळी उघडकीला आली.

घड्याळ आणि वही

'दुखलं तर घ्या' हा सल्ला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यासाठी बरा. पहिले दहा-बारा दिवस गोळी घड्याळावर चालते. आमच्या दुसऱ्या वेळच्या वहीतलं सहाव्या दिवसाचं पान असं आहे:

पहाटे ६, डोलो. बारा आणे, पाय लाकडासारखा. सकाळी १०, पोहे खाऊन अल्ट्रासेट. ११, फिजिओ आली, वाकवताना दहा आणे, ८८ अंश. ११.४०, बर्फ वीस मिनिटं. दुपारी २, डोलो, झोपली. ५ वाजता अल्ट्रासेट, ६ ला पुन्हा व्यायाम, स्वतःचा स्वतः. रात्री ११, तिसरी अल्ट्रासेट. पोट: नाही (दुसरा दिवस).

यात दहा आणि अकरा हे आकडे मुद्दाम आहेत. या गोळीचा असर जाणवायला अर्धा ते एक तास लागतो, आणि पुढचे दीड-दोन तास ती चांगली चालते. फिजिओ दारात आल्यावर गोळी दिली तर व्यायाम संपल्यावर आराम पडतो, म्हणजे उपयोग शून्य. फिजिओची वेळ बदलली की गोळीचीही बदला, दोन डोसमधलं चिठ्ठीवरचं अंतर पाळून. रिकाम्या पोटी ट्रामाडॉल दिलं की आईला ढवळायचं. आधी पोहे, उपमा, निदान केळं, हा आमचा नियम.

गोळीचा असर असताना करायचं ते साधंच आहे. घोटा वर-खाली, दर तासाला. मांडी आवळून गुडघा गादीवर दाबणं. टाच गादीवरून सरकवत पाय वाकवणं. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा सरळ होऊ देणं, हा सगळ्यांत कंटाळवाणा व्यायाम आणि सगळ्यांत महत्त्वाचा. सुरुवातीच्या आठवड्यांत आत नवी ऊती धरत असते. पाय त्या काळात हलला नाही तर ती जून होते आणि गुडघा आखडतो. डाव्या गुडघ्याचा घात आमच्या घरी एका उशीने केला. आईला गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटायचं, आम्हीही प्रेमाने सारत होतो. वाकलेल्या गुडघ्याला वाकलेलंच राहायची सवय होते. उशी हवीच असेल तर टाचेखाली ठेवा.

शेक आपल्या हाडीमासी मुरलेला आहे, पण पहिले काही आठवडे शेक नको, बर्फ हवा: पंच्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ नीट केला की गोळी लवकर कमी करता येते, हे मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून सांगू शकते. पोटरीला तेल चोळायला येणाऱ्या बाईला तीन महिने सुट्टी द्या.

पोटाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष

मळमळ, गरगरणं चार-पाच दिवसांत कमी होतं, शरीर सरावतं. बद्धकोष्ठाला मात्र शरीर सरावत नाही. अफूच्या कुळातलं औषध आतड्यांची हालचालच मंदावतं. आपल्याकडचा पहिला उपाय इसबगोल, आणि इथे तो चुकतो: आतडं आधीच सुस्त, पाणी कमी प्यायलं जातं (संडासला उठावं लागेल म्हणून बायका मुद्दाम कमी पितात), त्यात इसबगोल फुगून बसतो. डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी लॅक्ट्युलोज, पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा बिसाकोडिल असं काही लिहून घ्या आणि गोळी चालू आहे तोवर रोज द्या. अडल्यावर नाही, आधीपासून. पहिल्या वेळी आई पाच दिवस अडली होती, आणि कमोडवर कुंथताना नव्या गुडघ्यावर जो ताण आला त्याची आठवण तिला ऑपरेशनपेक्षा जास्त आहे. भेटायला येणारे डिंकाचे लाडू आणतात. ते डब्यात राहू द्या, पपई कापा.

पाय खाली सोडता येईल असा उंच कमोड लागतोच. वॉकर रात्री हाताशी हवा, दिवा चालू हवा. गोळीच्या गुंगीत पहाटे उठून पडणं ही खरी भीती आहे. पहिले दोन आठवडे कुणीतरी त्याच खोलीत झोपा.

गुंगी: किती ठीक, किती नाही

गोळी घेतल्यावर डुलकी लागली, हाक मारली की डोळे उघडले, दोन शब्द बोलून पुन्हा मिटले, हे चालतं. हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नाही, बोलणं अडखळतं, श्वास फार सावकाश किंवा घरघरत चाललाय, ओठ निळसर दिसतात, तर पुढची गोळी नाही, थेट १०८ ला फोन. पॅच लावला असेल तर तो काढा. वयस्कर माणसं संध्याकाळी सैरभैर होतात, भिंतीवर माणसं दिसतात, मुलाला दिराच्या नावाने हाक मारतात. 'वयामुळे' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना कळवा. औषध, ताप, अंगातलं कमी झालेलं मीठ, यातलं काहीही कारण असू शकतं.

ब्युप्रेनॉर्फिनचा सात दिवसांचा पॅच काही सर्जन लावतात. त्याचा असर हळू चढतो, अर्धा-एक दिवस तरी लागतो, काढल्यावरही तो तसाच हळू उतरतो. पॅचवर पेनाने तारीख घाला, नाहीतर दुसरा लावताना पहिला पाठीवर विसरला जातो. त्यावर गरम पाण्याची पिशवी, शेक, कडक ऊन काहीही नको. उष्णतेने औषध एकदम जास्त शरीरात उतरतं.

आणि काही दुखणी गोळीने झाकायची नसतात. पोटरी एकाच पायाची टणक, सुजलेली आणि दुखरी झाली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, थंडी वाजून ताप, किंवा कमी होत आलेलं दुखणं अचानक उसळलं, तर त्याच दिवशी सर्जनला फोन. गुडघा कोमट लागणं, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, संध्याकाळची सूज, हे मात्र कित्येक महिने चालतं. त्यासाठी गोळी वाढवू नका.

उतरताना

चढताना पॅरासिटामॉल, मग सुजेची गोळी, मग ट्रामाडॉल, अशी पायरी असते. उतरताना ट्रामाडॉल आधी, पॅरासिटामॉल सगळ्यांत शेवटी. घरोघरी उलटं होतं: 'साधी' म्हणून डोलो आधी बंद करतात आणि जड गोळी धरून ठेवतात.

टाके निघाले, साधारण बारा ते चौदा दिवसांनी, की उतरायला लागा. आमच्या डॉक्टरांनी दर तीन दिवसांनी एक गोळी कमी करायला सांगितलं. आधी संध्याकाळची गेली. मग रात्रीची, तीन रात्री झोपेची बोंब झाली. रात्रीचं दुखणं सहा-आठ आठवडे राहतंच, त्याला बर्फ, पायांमध्ये उशी घेऊन कुशीवर झोपणं आणि पॅरासिटामॉल. फिजिओच्या आधीची सकाळची गोळी शेवटी सुटली, तेविसाव्या दिवशी.

सलग काही आठवडे घेतलेली गोळी एका दिवसात तोडली तर नाक गळतं, घाम येतो, जुलाब होतात, पाय वळवळतात, झोप उडते. लोक याला 'हवा बदलली' म्हणतात. हे व्यसन नाही, शरीर सरावल्याची खूण आहे, आणि पायरीपायरीने उतरलं तर फारसं जाणवत नाही. काळजीची खूण वेगळी: दुखणं कमी आहे पण गोळी 'बरं वाटतं' म्हणून, झोपेसाठी किंवा मन हलकं करायला मागितली जाते, पट्ट्या ठरल्यापेक्षा लवकर संपतात, दुसऱ्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणली जाते. सहा आठवड्यांनंतरही ट्रामाडॉलशिवाय दिवस जात नसेल, तर तिसरी पट्टी आणण्याआधी सर्जनला गुडघा दाखवा.

न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ फोनवर म्हणाला, "त्या गोळ्यांच्या नादी लागू देऊ नकोस मावशीला, इथे काय झालंय तुला माहीत नाही." तिथे १९९६ मध्ये ऑक्सीकॉन्टिन हे याच कुळातलं वेदनाशामक बाजारात आलं आणि पुढे व्यसनाची जी साथ पसरली ती जगाने पाहिली. त्याची भीती खरी आहे. पण ती व्हॉट्सॲपवरून साताऱ्यात पोचते तेव्हा तिसऱ्या दिवशीच्या पेशंटच्या हातून गोळी काढून घेते. मी त्याला वहीतल्या गोळ्या वाचून दाखवल्या, तारखांसकट. तो गप्प बसला. आईची शंका वेगळीच होती: "अफूचंच ना ते? मग अनारशाला खसखस लावली तर चालेल का?" अफूचं आणि खसखशीचं झाड एकच, पण ट्रामाडॉल त्या झाडापासून नाही, कारखान्यात बनतं, आणि खाण्यातल्या चिमूटभर खसखशीने काही होत नाही. अनारसे झाले.

उरलेल्या गोळ्या

शेवटी सात गोळ्या उरल्या. आईने त्या देवघरातल्या डब्यात ठेवल्या, 'लागल्या तर' म्हणून. चार दिवसांनी शेजारच्या काकू आल्या: "माझी कंबर धरलीय, तुझ्याकडची दे की दोन." काकूंना एस्सिटालोप्राम चालू आहे, हे मला योगायोगाने माहीत होतं.

केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये उरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीबद्दल सूचना काढल्या. बहुतेक औषधं संडासात टाकू नयेत, पण ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन, फेंटानिल अशी मोजकी औषधं, चुकून कुणाच्या पोटात जाऊ नयेत म्हणून, फ्लश करून टाकायला त्यात सांगितलं आहे. वापरलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असतं. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडा. लहान मूल तो स्टिकर समजून स्वतःला लावू शकतं. सातही गोळ्या मी पट्टीतून काढून फ्लश केल्या, आईसमोर. काकूंना तिने सांगितलं, "संपल्या गं. तू डॉक्टरला दाखव, मी येते हवं तर सोबत," आणि वॉकर न घेता त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.